हक्काचे पैसे मागताना लाज कसली?

"ताई, सध्या ऑडिट सुरू आहे. पुढच्या सोमवारी या."

पुढच्या सोमवारी गेलं की, "साहेब नागपूरला गेले." त्याच्या पुढच्या सोमवारी, "अहो, पैसे कुठं पळून चालले का तुमचे? आपलेच लोक आहेत नं!"

मैत्रिणींनो, हे संवाद ओळखीचे वाटतात ना? शिवणकाम, पापड-शेवया, डबे, फराळ, मेंदी, ब्युटी पार्लर, शिकवणी... घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने ते कधी ना कधी ऐकलेले असतात. काम वेळेत हवं, चांगलं हवं, पण पैशाचं नाव काढलं की समोरचा जणू आपल्यावर उपकार करतोय!

आपल्या गल्लीतली शिवणकाम करणारी एखादी ताई डोळ्यांसमोर आणा. तिला एका संस्थेकडून 140 जोड गणवेशाचं काम मिळालं. शिलाई जोडामागे 180 रुपये, म्हणजे झाले 25,200. आगाऊ मिळाले 5,000. जून तोंडावर आलेला, म्हणून तिने दोघी बायांना मदतीला घेतलं. त्यांना जोडामागे 50 प्रमाणे 7,000 दिले. दोरा, गुंड्या, अस्तर, वीज यात आणखी दोनेक हजार गेले. मुलं नवे गणवेश घालून शाळेत गेली, झेंडावंदन झालं, दिवाळी आली, तरी 20,200 रुपये बाकीच! आता हिशेब करा. तिच्या दोन महिन्यांच्या रात्रीच्या जागरणाचे शून्य रुपये आणि वर पदरचे चार हजार गेले. घरात विषय काढला तर नवरा म्हणतो, "जाऊ दे नं, काहून मांगं लागतं? संबंध खराब होतीन."

खरी गोम इथेच आहे. पैसे बुडवणाऱ्याला कायद्यापेक्षा आपल्या भिडेचा जास्त भरवसा असतो. बाई आहे, चार वेळा येईल, मग थकून गप्प बसेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि आपणही बोलणीच अशी करतो. "भाव काय ते नंतर बघू", "तुमच्याकडून काय लिहून घ्यायचं!" 

हिशेबात भीड ठेवू नये, याचा धडा आपल्या वर्ध्यातच आहे. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेब तपासनीस. 1934 साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे आले. त्यांचा खर्च मदतनिधीतून करता येणार नाही, असं कुमारप्पांनी स्पष्ट सांगितलं, आणि गांधीजींनी ते मानलं. पुढे दोघांचे संबंध बिघडले का? मुळीच नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची जबाबदारी कुमारप्पांवरच आली. चोख हिशेबाने संबंध तुटत नाहीत. तुटलेच, तर ते फक्त फुकटच्या कामापुरते होते, असं समजावं.

मग करायचं काय? सुरुवात काम घेतानाच करायची.

साध्या कागदावर लिहा: काय काम, किती नग, काय दर, आगाऊ किती, उरलेले कधी. दोघांच्या सह्या, तारीख. वकील नको, स्टॅम्प पेपरही नको. समोरचा सही करायला कां-कूं करत असेल, तर निदान तेच सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि त्याच्याकडून "ठीक आहे" असं उत्तर घ्या. असे मेसेज पुसू नका. माल देताना "140 जोड मिळाले" अशी पोच घ्या. बिल तोंडी सांगू नका, लिहून द्या आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. मोठं काम असेल तर निम्मे पैसे आधी घ्या. तेही जमत नसेल, तर माल टप्प्याटप्प्याने द्या. पहिल्या 40 जोडांचे पैसे आले की पुढचे 40.

पैसे अडकलेच तर नुसते हेलपाटे घालू नका. ठरलेली तारीख उलटली की पत्र द्या. "अमुक तारखेला काम पूर्ण केलं, 20,200 रुपये येणं आहे, 15 दिवसांत द्यावेत" एवढंच, शांत भाषेत. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. शिव्याशाप नकोत, दारात जाऊन तमाशाही नको. तुमची बाजू खरी असताना ती कमकुवत कशाला करायची?

समोरचा "आत्ता नाहीत हो" म्हणाला, तर म्हणावं, "हरकत नाही, इतके देणं आहे असं लिहून सही द्या." या सहीचं मोल फार आहे. येणं वसूल करायला दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत देणेकऱ्याने देणं लेखी कबूल केलं, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. "आज देतो, उद्या देतो" करत तीन वर्षं घालवणारे महाभाग कमी नाहीत.

चेक दिला आणि तो वटला नाही, तर घाबरू नका. आता तुमचं पारडं उलट जड झालं. पण इथे तारखा पाळाव्या लागतात. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरायचा. तो परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवसांची सवड असते. तरी पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पुष्कळ जणी आधी पोलीस ठाण्यात धावतात आणि "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकून परत येतात. नुसते पैसे थकवणं हा फौजदारी गुन्हा होत नाही. फसवायचा हेतू सुरुवातीपासून होता, हे दिसावं लागतं. 2020 साली नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी द्राक्ष बागायतदारांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये परत मिळाले. पण अशी मोहीम रोज निघत नाही, आणि निघाली तरी ती तक्रार आणि पुरावा यांवरच चालते. आपला कागद आपल्यालाच जपावा लागतो.

आणखी एक हत्यार आपल्या हाती आहे, ते म्हणजे 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली, तर लेखी करारात काहीही लिहिलेलं असो, 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. करार नसेल तर ही मुदत 15 दिवसांचीच. उशीर केला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हा दर बदलत असतो. तो साडेपाच टक्के धरला, तर व्याज झालं साडेसोळा टक्के. आपल्या ताईच्या 20,200 वर वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त!

पण यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी, आणि ती काम घेण्याआधी केलेली हवी. भांडण झाल्यावर नोंदणी करून मागच्या बाकीसाठी तिचा आधार सहजी मिळत नाही. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या मदतीने होते आणि ती पूर्ण मोफत आहे. कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. नोंदणी असेल तर थकलेल्या पैशांची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. ती सुविधा परिषदेकडे जाते. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. निकालाला आव्हान द्यायचं असेल, तर पैसे थकवणाऱ्याला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. मात्र नुसत्या साड्या आणून विकणाऱ्या, म्हणजे निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या मैत्रिणींना उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही. त्यांनी कागद आणि आगाऊ रकमेवरच भर द्यावा.

"पण कोर्ट म्हणजे खर्च!" असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वर्ध्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात, तर आर्वी, हिंगणघाटसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तिथल्या न्यायालयात चौकशी करा. 15100 हा मदत क्रमांक लिहून ठेवा. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे कोर्ट फी नाही, आणि झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. अपीलही नाही. वीस हजारांसाठी वर्षानुवर्षं भांडण्यापेक्षा, तीन हप्त्यांत पण नक्की मिळणारे अठरा हजार पुष्कळदा परवडतात. कुठे थांबायचं, ते मात्र आपण ठरवायचं.

आपल्या ताईने सगळ्यात आधी काय करावं? कागद नाही म्हणून कपाळाला हात लावून बसू नये. वहीतल्या नोंदी, दोरा-गुंड्यांची बिलं, मोबाइलमधले मेसेज, आगाऊ रकमेची बँकेतली नोंद, मदतीच्या दोघी बाया, हाही पुरावाच आहे. तो सगळा एका पिशवीत घालावा, पत्र लिहावं, आणि पुढच्या सोमवारी एकटीने जाऊ नये, सोबत बचत गटातल्या दोघींना न्यावं. भांडायला नव्हे, साक्षीला. 

आणि नवीन काम घेताना कागद पुढे केला म्हणून कुणी म्हणालं, "काय ताई, विश्वास नाही का आमच्यावर?" तर हसून सांगावं, "विश्वास आहे म्हणून तर काम घेतलं. हिशेबासाठी सही पाहिजे."