एम.बी.ए. करावे की नोकरी धरावी?

पदवी हाती आली की स्पर्धा परीक्षेला बसायचे, बँकेचा नाहीतर रेल्वेचा फॉर्म भरायचा, हा आपल्या वस्त्यांतील मुलामुलींचा अनेक वर्षांचा रिवाज आहे. अलीकडे त्यात एम.बी.ए. या तीन अक्षरांची भर पडली आहे. पदवीचे निकाल लागले की विद्यार्थी आणि त्यांचे पालक आमच्या शिक्षण समितीकडे येतात आणि विचारतात, "साहेब, एम.बी.ए.ला घालू का?" या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. परंतु उत्तर शोधताना काय काय पाहावे हे सांगता येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे शिक्षण काय आहे ते पाहू. दोन वर्षांचा, चार सत्रांचा हा अभ्यासक्रम. हिशेब, वित्त, विपणन, मनुष्यबळ, उत्पादन, संख्याशास्त्र हे विषय पहिल्या वर्षी सर्वांना, आणि दुसऱ्या वर्षी त्यातील एका शाखेत विशेष अभ्यास. मधल्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करावे लागते. विद्यापीठे एम.बी.ए. किंवा एम.एम.एस. पदवी देतात, तर स्वायत्त संस्था पी.जी.डी.एम. ही पदविका देतात. पदविका म्हणजे कमी, असे समजू नये. अहमदाबाद व कलकत्त्याच्या, १९६१ साली निघालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थासुद्धा पदविकाच देत असत. २०१७ च्या कायद्यानंतर त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

खरी गोष्ट अशी की, पुस्तकातले व्यवस्थापन कुठल्याही संस्थेत साधारण सारखेच शिकवतात. फरक पडतो तो कॉलेजात नोकरी द्यायला कोणत्या कंपन्या येतात यात. मुंबई विद्यापीठाच्या, १९६५ साली स्थापन झालेल्या जमनालाल बजाज संस्थेतून बाहेर पडणारा विद्यार्थी आणि कालपरवा निघालेल्या, पाटीही न वाळलेल्या कॉलेजातून बाहेर पडणारा विद्यार्थी, दोघांच्या हाती एम.बी.ए.चाच कागद असतो, पण बाजारात त्याची किंमत एक नसते. म्हणून माहितीपत्रकात "सर्वोच्च पगार इतके लाख" असे छापलेले असले तरी त्यावर जाऊ नये. तो एका मुलाचा पगार असतो. गेल्या वर्षीच्या सर्व मुलांचे पगार चढत्या क्रमाने मांडले तर अगदी मधल्या मुलाला किती मिळाले, आणि किती मुलांना काहीच मिळाले नाही, हे दोन प्रश्न विचारावेत. कार्यालय सांगत नसेल तर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुले सांगतात.

आमच्या ओळखीतील एका मुलाचे उदाहरण देतो. सीईटीचे गुण कमी पडले, म्हणून घाईने एका खाजगी कॉलेजात संस्था स्तरावरील जागा घेतली. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला, वर कर्ज काढले. दोन वर्षांनी कॉलेजात आलेल्या कंपनीने त्याला दारोदार विमा विकण्याचे काम दिले, जे बी.ए.वरही मिळाले असते. त्यातली खरी चूक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घेतलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास भारत सरकारची शिष्यवृत्ती, आणि त्यावर असल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे आपण ज्याला फ्रीशिप म्हणतो ती, मिळू शकते. संस्था स्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागेला ती मिळत नाही. तेच कॉलेज, तोच बाक. पण एकाला शिक्षण शुल्क माफ आणि दुसऱ्याची जमीन गेली. एक वर्ष थांबून त्याने पुन्हा सीईटी दिली असती तर? परंतु त्या वेळी घरात विचारायला कोणी नव्हते, हेही खरे.

कर्जाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज, व्याज दहा टक्के, दर वर्षी तीन लाख उचलले. शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. सरळ व्याजाने ते दीड लाख होते. साडेसात लाखांची सात वर्षांत फेड करायची तर महिना सुमारे साडेबारा हजारांचा हप्ता येतो. हातात पंचवीस हजार पगार येणार असेल तर निम्मा इथेच गेला. खोलीभाडे आणि घरी पाठवायचे पैसे त्यानंतर.

याचा अर्थ हे शिक्षण घेऊ नये असा नाही. चांगल्या संस्थेत जागा मिळत असेल तर पोटाला चिमटा घेऊन ते घ्यावे, असेच माझे मत आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. कॅट परीक्षेला बसण्यासाठी इतरांना पदवीला ५० टक्के लागतात, तेथे आपल्याला ४५ टक्के पुरतात. नागपूरला २०१५ पासून अशी संस्था आहे, आणि मुंबईची पूर्वीची निटी २०२३ पासून त्याच मालिकेत आली आहे. मोठ्या संस्थांची फी ऐकून पालक घाबरतात. पण केंद्र शासनाच्या टॉप क्लास शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील, ठरावीक जागांवर निवडलेल्या विद्यार्थ्यांची फी भरली जाते. राज्याच्या सीईटीत दोनशे प्रश्न असतात व चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण जातो. मराठी माध्यमातल्या मुलांना गणितापेक्षा इंग्रजी उताऱ्यांची आणि नंतरच्या गटचर्चेची भीती वाटते. त्याला रोजचे इंग्रजी वृत्तपत्र मोठ्याने वाचणे हा स्वस्तातला उपाय आहे. वस्तीतल्या दोघांनी त्यावरच तयारी केली.

आता नोकरीचा प्रश्न. वस्तीतील एका मुलीची बी.कॉम.नंतर राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून निवड झाली आणि त्याच पावसाळ्यात कॅपमधून एका मध्यम प्रतीच्या कॉलेजात एम.बी.ए.लाही प्रवेश मिळाला. वडील रिक्षा चालवतात, धाकटा भाऊ दहावीला. मी तिला शिक ग, असे म्हणत होतो. तिची आई म्हणाली, "भाऊ, दोन वर्षं घरात कोण आणणार?" मुलीने बँक धरली. बँकेत राहून तिने जे.ए.आय.आय.बी. ही परीक्षा दिली. आता अधिकारीपदाच्या बढतीची तयारी करीत आहे. एम.बी.ए. तिच्या मनातून गेलेले नाही. आज वाटते, त्या घरापुरता तिचाच हिशेब बरोबर होता आणि माझा नुसता उत्साह होता. शिवाय दोन-तीन वर्षे काम केलेल्या मुलाला मुलाखतीत सांगण्यासारखे काहीतरी असते, हा फायदा वेगळाच.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही हा पेच पडला होता. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. बडोद्याची नोकरी सुटल्यावर मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली; सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसे शिल्लक टाकले, छत्रपती शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण गुण असूनही जागा इथेच जाते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण कॅटसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो; राज्याचा चालत नाही. राज्यातील प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते हाती यायला महिने जातात. आपल्या पुष्कळांच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध" लिहिलेले असते. अशा वेळी पडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आजोबा-पणजोबांच्या नावाचा, जातीची नोंद असलेला पुरावा मागते. तो बहुधा गावच्या प्राथमिक शाळेच्या जुन्या रजिस्टरात किंवा तहसील कार्यालयात सापडतो. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षातच अर्ज करावा, आणि गावी जायचे ते मे महिन्यात नव्हे, शाळेचे कार्यालय उघडे असते त्या दिवसांत जावे. वडिलांची, चुलत्यांची वा सख्ख्या भावंडांची वैधता आधी झाली असेल तर त्याची प्रत सोबत जोडावी. काम पुष्कळ हलके होते.