डाळ-भात, धडे आणि शनिवार

अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या सेवासंस्थेचे स्वयंसेवक १९६२ पासून नेपाळला जात आहेत, मध्ये २००४ ते २०१२ असा मोठा खंड पडला. रुजू होण्याआधी साधारण तीन महिन्यांचे प्रशिक्षण असते आणि मुक्काम गावातल्या एखाद्या कुटुंबात. खरी शाळा तिथेच. सकाळी चहा, नऊ-दहाच्या सुमारास डाळ-भात, मग चार-पाच जणांच्या गटात नेपाळीचे धडे. दुपारी खाजा, म्हणजे चिवडा-भाजीसारखे काहीतरी. रात्री पुन्हा डाळ-भात. उष्ट्याचा विधिनिषेध आपल्यासारखाच, त्यामुळे तांब्या ओठांना न लावता वरून पाणी पिण्याचा सराव अंगणातच होतो, सदरा भिजवत.

सुटी रविवारी नाही, शनिवारी. सकाळ नळावर कपडे धुण्यात जाते. दुपारी व्हॉलीबॉल, नेपाळचा राष्ट्रीय खेळ. दसैं, म्हणजे तिथला दसरा, आला की बांबूचा उंच झोका. घरच्या पोरांबरोबर खेळताना भाषा जितकी जिभेवर बसते, तितकी वर्गात बसत नाही.

आपल्याकडेही हे स्वयंसेवक येत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी येऊन मुंबईत विक्रोळीला रुग्णसेवा केली.