कंपाईल झालं, मग चालत का नाही?

घरातला मुलगा किंवा मुलगी बारावीला संगणकशास्त्र, पॉलिटेक्निक किंवा बीसीए करत असेल, तर एक तक्रार तुमच्या कानावर कधीतरी येतेच : "अम्मी, प्रोग्राम कंपाईल झाला, एकही चूक दाखवली नाही, तरी चालत नाही!" बरीच मुले इथे हिरमुसतात. हा विषय आपल्याला जमणारा नाही, असे मनाशी ठरवूनही टाकतात. खरे तर त्यांनी बरेचसे काम बरोबर केलेले असते. ऑब्जेक्ट फाईल आणि चालणारा प्रोग्राम, म्हणजे एक्झिक्युटेबल, यांतला फरक कुणी नीट सांगितलेला नसतो, एवढेच.

दोन कारागीर

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला मजकूर आपल्याला वाचता येतो, प्रोसेसरला नाही. त्याचे यंत्रभाषेत भाषांतर कंपायलर करतो. तो एका वेळी एकच फाईल हातात घेतो आणि तिची ऑब्जेक्ट फाईल बनवून ठेवतो. लिनक्सवर तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट ओ' असते, विंडोजवर बहुधा 'डॉट ओबीजे'. त्यानंतर लिंकरची पाळी येते. तो सगळ्या ऑब्जेक्ट फाईली आणि लायब्ररीतले तयार भाग जोडून एक्झिक्युटेबल तयार करतो. विंडोजवर ती 'डॉट ईएक्सई' म्हणून ओळखली जाते. लिनक्सवर जीसीसीला नाव सांगितले नाही, तर तो तिला 'ए डॉट आऊट' म्हणतो.

आपण एकच बटण दाबतो म्हणून हे दोन टप्पे दिसत नाहीत. टर्बो सी प्लस प्लसमध्ये मात्र ते वेगळे पाहता येतात. ऑल्ट आणि एफ९ दाबले की फक्त ऑब्जेक्ट फाईल बनते, नुसते एफ९ दाबले की एक्झिक्युटेबल बनते आणि कंट्रोल-एफ९ने प्रोग्राम चालतो.

शिवणकाम करणाऱ्या आपांना हे लगेच उमगेल. बाह्या, कॉलर, पुढचा-मागचा भाग बेतून तयार आहेत आणि कुठला भाग कुठे जोडायचा याच्या खुणाही केल्या आहेत. कापड तेच, बेतही बरोबर. पण शिलाई झाल्याशिवाय कुर्ता अंगात घालता येत नाही. ऑब्जेक्ट फाईल म्हणजे असा बेतलेला तुकडा.

मोकळ्या सोडलेल्या जागा

घरखर्चाच्या हिशेबाचा छोटा प्रोग्राम घ्या. पहिल्या फाईलीत 'मेन' आहे. ते 'बेरीज' नावाच्या फंक्शनला बोलावते आणि उत्तर 'प्रिंटएफ'ने छापते. 'बेरीज'चा मजकूर दुसऱ्या फाईलीत आहे. पहिली फाईल कंपाईल होताना कंपायलरला एवढेच ठाऊक असते की 'बेरीज' कुठेतरी आहे आणि तिला दोन संख्या द्यायच्या आहेत. तिचा पत्ता त्याच्याकडे नसतो. म्हणून तो पत्त्याची जागा मोकळी सोडतो आणि दोन याद्या लिहून ठेवतो. माझ्याकडे कोणती नावे आहेत आणि बाहेरून कोणती हवीत, ही एक यादी. पत्ते कुठे-कुठे भरायचे आहेत, ही दुसरी.

लिंकर या याद्या ताडून पाहतो, प्रत्येक नावाचा मालक शोधतो आणि पत्ते भरतो. प्रोग्राम सुरू कुठून करायचा, तेही तोच नोंदवतो. ऑब्जेक्ट फाईलीत यंत्रभाषा असते, पण पत्ते अपुरे आणि सुरुवातीचे ठिकाणही नाही. म्हणून तिचे नाव बदलून 'डॉट ईएक्सई' केले, तरी ती चालत नाही.

काही लायब्ररी एक्झिक्युटेबलच्या बाहेरच राहतात आणि चालवण्याच्या वेळी जोडल्या जातात. दुसऱ्या संगणकावर नेलेला प्रोग्राम कधीकधी 'डीएलएल सापडत नाही' म्हणून अडतो, तो यामुळे.

चूक कोणी दाखवली?

अर्धविराम राहिला, कंस बंद केला नाही, तर कंपायलर ओळीच्या क्रमांकासह तक्रार करतो. 'अनडिफाइंड रेफरन्स' किंवा 'अनडिफाइंड सिम्बॉल' असे दिसले, तर ती तक्रार लिंकरची. तुमचे व्याकरण त्याने तपासलेले नाही. तुम्ही वापरलेले एक नाव त्याला कुठेच सापडले नाही, इतकेच तो सांगतो. अशा वेळी त्याच ओळींकडे तासभर पाहत बसण्यात अर्थ नाही. पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. फंक्शनचे नाव दोन्हीकडे सारखे आहे का? लहान-मोठी लिपीसुद्धा महत्त्वाची.
२. दुसरी फाईल जोडणीत घेतली आहे का?
३. 'मेन' लिहिले आहे का आणि त्याचे स्पेलिंग बरोबर आहे का?
४. लिनक्सवर वर्गमूळ काढणारे फंक्शन वापरले असेल, तर 'डॅश एलएम' लिहून गणिताची लायब्ररी जोडली आहे का?

चौथ्या मुद्द्यावर मुले हमखास अडतात. हेडर फाईल वर लिहिली म्हणजे फंक्शन आलेच, असे त्यांना वाटते. हेडर फाईल बहुधा फंक्शनची ओळख करून देते. प्रत्यक्ष काम करणारा भाग लायब्ररीत असतो. याउलट 'मल्टिपल डेफिनिशन' दिसले, तर एकाच नावाचे दोन मालक निघाले असे समजावे.

दोन टप्पे कशासाठी?

मोठ्या प्रोग्राममध्ये शेकडो फाईली असतात. एकीत बदल झाला, तर तेवढीच पुन्हा कंपाईल करायची. बाकीच्या ऑब्जेक्ट फाईली तयारच असतात. कोणती फाईल बदलली हे पाहून नेमके तेवढेच काम करवून घेणारे 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार केले. आजही ते वापरात आहे.

जीसीसी असलेल्या संगणकावर मुलांनी एकदा 'डॅश सी' लिहून फक्त ऑब्जेक्ट फाईल बनवावी, ती चालवून पाहावी आणि मग जोडणी करावी. दहा मिनिटांत फरक डोळ्यांसमोर येतो आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तो विसरला जात नाही. पालकांना प्रोग्रामिंग येत नसले, तरी हरकत नाही. मूल स्क्रीनसमोर रडवेले होऊन बसले असेल, तेव्हा शेजारी बसून इतकेच विचारा : "बेटा, ही तक्रार कंपायलरची आहे की लिंकरची?" उत्तर शोधायला ते तो संदेश शांतपणे वाचेल, आणि चूक कुठे शोधायची हे त्यालाच कळेल.