रक्षकस्थानाचा अर्थविस्तार : बॉबी ऑर यांची कारकीर्द

खेळांच्या परिभाषेत खेळाडूंच्या स्थानांना जी नावे दिली जातात त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. काही नावे खेळाडू कोठे उभा राहतो एवढेच सांगतात. काही नावे त्याने कोणते काम करावयाचे ते सांगतात. क्रिकेटमधील ‘पॉइंट’, ‘मिडऑन’ ही नावे पहिल्या वर्गातील, तर ‘यष्टिरक्षक’ व ‘गोलंदाज’ ही दुसऱ्या वर्गातील होत. पहिल्या वर्गातील नाव खेळाडूला फारसे बांधून ठेवीत नाही. दुसऱ्या वर्गातील नाव मात्र हळूहळू नियमासारखे वागू लागते, आणि नावाने सांगितलेल्या कामापलीकडे जो जातो तो काही काळ तरी आगंतुक ठरतो. बर्फावरील हॉकीतील ‘डिफेन्समन’, म्हणजे रक्षक, हे नाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. आणि त्याच्या अर्थात पडलेला सर्वांत मोठा फरक कॅनडाच्या बॉबी ऑर या एका खेळाडूच्या जेमतेम नऊ-दहा हंगामांच्या कारकीर्दीशी निगडित आहे.

या खेळाचा परिचय आपल्याकडे अल्प असल्याने प्रथम त्याची रचना सांगणे अवश्य आहे. सुमारे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा, भोवताली फळ्यांची भिंत असलेल्या बर्फाच्या रिंगणात प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू पायांत स्केट्स घालून उतरतात : एक गोलरक्षक, दोन रक्षक व तीन आघाडीचे खेळाडू. चेंडूच्या जागी ‘पक’ नावाची, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची कठीण रबराची चकती असते. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन खंडांत होतो. वेग इतका असतो की कोणताही खेळाडू एका वेळी मिनिटभराहून फार अधिक काळ बर्फावर टिकत नाही. तो बाहेर येतो, दुसरा आत जातो, आणि हे खेळ न थांबवता चालते. रिंगणावर आडव्या दोन निळ्या रेषा असतात. प्रतिपक्षाच्या बाजूची निळी रेषा पकच्या आधी ओलांडण्यास आघाडीच्या खेळाडूंना मनाई आहे. त्यामुळे हल्ला चालू असता पक त्या रेषेबाहेर निसटला की सर्वांना मागे येऊन पुन्हा प्रारंभ करावा लागतो. पक रेषेच्या आत राखण्यासाठी हल्ल्याच्या वेळी दोन्ही रक्षक या रेषेशी येऊन उभे राहतात. या जागेला ‘पॉइंट’ म्हणतात.

हा शब्द मोठा बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडात हा खेळ सात जणांचा होता, आणि तेव्हा ‘डिफेन्समन’ हे स्थान नव्हते. गोलरक्षकाच्या पुढे ‘पॉइंट’ व त्याच्याही पुढे ‘कव्हर-पॉइंट’ असे दोन खेळाडू एकामागे एक उभे राहत. लॅक्रॉस या कॅनडातील जुन्या खेळातही हीच नावे आहेत, आणि क्रिकेटच्या वाचकास तर ती घरचीच वाटतील. पुढे हे दोघे एकमेकांच्या शेजारी उभे राहू लागले, सातवा खेळाडू वगळला गेला, आणि स्थानवाचक नावांच्या जागी ‘रक्षक’ हे कार्यवाचक नाव रूढ झाले. जुना ‘पॉइंट’ मात्र नाहीसा झाला नाही. आपल्या गोलापुढील जागा सोडून तो रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला, प्रतिपक्षाच्या निळ्या रेषेवर जाऊन बसला. शब्द तोच, पण दिशा नेमकी उलटी. जी व्यक्ती हा शब्द वागवीत होती तिच्यापाशीच तो राहिला, आणि ती व्यक्ती पुढे सरकली तसा तोही सरकला, असे याचे स्पष्टीकरण देता येईल.

रक्षक पुढे सरकण्याचा हा क्रम ऑर यांच्यापासून सुरू झाला, असे जे सर्रास म्हटले जाते ते खरे नव्हे. १९३०च्या दशकात बोस्टनच्याच एडी शोअर यांनी रक्षक असून चढाया केल्या व लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट चषक चार वेळा मिळवला. माँट्रियलचे डग हार्वे यांनी १९५५ ते १९६२ या काळात सर्वोत्तम रक्षकाचा नॉरिस चषक सात वेळा जिंकला. हल्ल्याचा वेग केव्हा वाढवायचा व केव्हा रोखून धरायचा हे त्यांच्या हाती असे. परंतु शोअर यांची चढाई हा रक्षणातील अपवादाचा क्षण होता, आणि हार्वे बव्हंशी मागे राहूनच खेळाचे सूत्रचालन करीत. रक्षण व आक्रमण ही दोन स्वतंत्र कामे आहेत, ही मूळ कल्पना दोघांच्याही खेळात अबाधित राहिली होती.

रॉबर्ट गॉर्डन ऑर यांचा जन्म २० मार्च १९४८ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातील पॅरी साउंड या लहानशा गावी झाला. वडील स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यात कामाला होते. मुलगा तेरा वर्षांचा असताना बोस्टन ब्रुइन्स संघाच्या निरीक्षकांच्या दृष्टीस पडला, आणि चौदाव्या वर्षी, १९६२ मध्ये, त्या संघाने त्याच्याकडून ‘सी’ नमुन्याचा करार लिहून घेतला. हा करार काय होता हे पाहिल्याविना पुढील कथा समजत नाही. या एका कागदाने मुलाचे व्यावसायिक खेळावरील सर्व हक्क एका संघाकडे जात, आणि तो संघ सोडीपर्यंत लीगमधील दुसरा कोणताही संघ त्याला घेऊ शकत नसे. अज्ञान मुलाच्या वतीने पालक सही करीत. मोबदल्यात किरकोळ रक्कम व तत्सम काही मिळे. ऑर कुटुंबाला मिळालेल्या गोष्टींत घराच्या भिंतींना नवा गिलावा ही एक होती. लीगमध्ये तेव्हा संघ अवघे सहा. खेळाडूंनी संघटना उभारण्याचा प्रयत्न १९५७ मध्ये टेड लिंडसे यांच्या पुढाकाराने केला होता व हार्वे त्यात होते. तो मोडून पडला आणि लिंडसे यांची त्याच वर्षी शिकागोच्या दुर्बळ संघात रवानगी झाली.

ऑर १९६६ च्या ऑक्टोबरात अठराव्या वर्षी बोस्टनकडून प्रथम उतरले व त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदित ठरले. त्याच १९६७ साली नॉरिस चषक न्यूयॉर्कचे हॅरी हॉवेल यांना मिळाला. तो आताच मिळाला हे बरे झाले, कारण यापुढे तो या मुलाचाच होणार, अशा आशयाचे हॉवेल यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ते शब्दशः खरे ठरले. १९६८ पासून १९७५ पर्यंत सलग आठ वर्षे तो चषक ऑर यांच्याकडेच राहिला.

त्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य केवळ वेगात नव्हते. आपल्या गोलामागे पक घेऊन ते निघत, समोर येणाऱ्याच्या चालीवरून मार्ग बदलत, आणि पूर्ण वेगात असतानाच दिशा पालटत. पक त्यांच्यापाशी असेतोवर प्रतिपक्षाला हल्लाच करता येत नसे, आणि हेच त्यांचे रक्षण होते. संघाला एक खेळाडू कमी असताना, म्हणजे नियमभंगाच्या शिक्षेपायी सहकारी बाहेर बसलेला असताना, ते पक कुणालाच न देता रिंगणभर फिरवीत व शिक्षेचा वेळ संपवीत. येथे रक्षण व आक्रमण या दोन संज्ञांमधील भेद लोपतो. एकच कृती दोन्ही असते.

याची साक्ष आकड्यांतही मिळते. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण व त्या गोलास साह्य करणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक गुण मिळतो. १९६९–७० च्या हंगामात ऑर यांनी ३३ गोल व ८७ साह्ये मिळून १२० गुण केले आणि संपूर्ण लीगमध्ये पहिले आले. सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस चषक रक्षकाने जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. दुसरी वेळ १९७४–७५ मध्ये आली, तेव्हाही विजेते तेच होते (४६ गोल, ८९ साह्ये), आणि तिसरी अद्याप आलेली नाही. १९७०–७१ मधील त्यांचे १३९ गुण हा रक्षकांचा उच्चांक आजही उभा आहे. पॉल कॉफी १९८५–८६ मध्ये १३८ पर्यंत येऊन थांबले.

यापेक्षा बोधक आकडा निराळाच आहे. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर त्याच्या नावे एक अधिक, प्रतिपक्षाने केला तर एक उणे, अशी एक बेरीज-वजाबाकी ठेवली जाते. प्रतिपक्षाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना केलेले गोल तीत धरीत नाहीत. चढाया करणारा रक्षक मागची जागा उघडी टाकतो, हा जुना आक्षेप खरा असता तर ऑर यांच्या खात्यात अधिक पुष्कळ आणि उणेही पुष्कळ दिसले असते. १९७०–७१ मध्ये, ७८ सामन्यांत, ही शिल्लक अधिक १२४ होती. हाही उच्चांक कुणी मोडलेला नाही. संघ बलाढ्य होता हे मान्य करूनही एवढी शिल्लक केवळ संघाच्या बळाने येत नाही.

तरीही पुढे जाण्यातील जोखीम काल्पनिक नव्हती. १० मे १९७० रोजी बोस्टन गार्डनमध्ये सेंट लुइस ब्लूजविरुद्धच्या अंतिम मालिकेतील चौथा सामना बरोबरीत राहून जादा वेळेत गेला. ४० सेकंद झाली होती. निळ्या रेषेजवळ पक बाहेर निसटण्याच्या बेतात असता ऑर मागे न हटता पुढे गेले. तो हुकला असता तर प्रतिपक्षाचे खेळाडू मोकळ्या मैदानातून थेट बोस्टनच्या गोलावर धावले असते. जुन्या पठडीतील कोणत्याही प्रशिक्षकाने अशा वेळी मागे हटण्याचाच आदेश दिला असता. ऑर यांनी पक अडवला, गोलामागे असलेल्या डेरेक सँडरसन यांच्याकडे दिला, स्वतः गोलासमोर धावले, परत आलेला पक आत मारला, आणि त्याच क्षणी नोएल पिकार्ड यांच्या काठीत पाय अडकून हवेत आडवे उडाले. रे लुसिए यांनी टिपलेले ते छायाचित्र या खेळातील सर्वांत परिचित चित्र आहे. बोस्टनला १९४१ नंतर प्रथमच स्टॅन्ली चषक मिळाला. १९७२ मध्ये पुन्हा मिळाला, आणि निर्णायक गोल तेव्हाही ऑर यांचाच होता.

या सर्वाची किंमत डाव्या गुडघ्याने दिली. पूर्ण वेगात दिशा पालटताना शरीराचा भार गुडघ्यावर पिळासह येतो, आणि पक सतत ज्याच्याजवळ तोच धडकांचे लक्ष्य होतो. पहिली गंभीर दुखापत पहिल्याच हंगामात झाली. त्या काळी फाटलेली कूर्चा गुडघा उघडून काढून टाकणे हीच रूढ पद्धत होती. छोट्या छिद्रातून दुर्बिणीने करावयाची शस्त्रक्रिया अजून प्रचारात यायची होती. कूर्चा गेली की हाडावर हाड घासते, आणि प्रत्येक उपचारागणिक पुढची इजा अधिक जवळ येते. शस्त्रक्रियांची संख्या डझनाच्या घरात गेली. १९७२ च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या विख्यात मालिकेत ऑर संघासमवेत होते, पण खेळू शकले नाहीत. १९७५–७६ मध्ये त्यांना केवळ दहा सामने खेळता आले. १९७६ च्या सप्टेंबरात झालेल्या पहिल्या कॅनडा चषक स्पर्धेत मात्र ते उतरले व जवळजवळ एका पायावर खेळून स्पर्धेतील सर्वांत मोलाचे खेळाडू ठरले. त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत विषादपूर्ण यश हेच म्हणावे लागेल.

त्यापूर्वीच, १९७६ च्या उन्हाळ्यात, त्यांनी बोस्टन सोडले होते. १९६६ पासून टोरांटोचे वकील ॲलन ईगलसन हे त्यांचे प्रतिनिधी होते. ऑर यांच्या पहिल्या कराराने ईगलसन यांचे नाव झाले, आणि १९६७ मध्ये खेळाडूंची संघटना अखेर स्थापन झाली तेव्हा तिची सूत्रे त्यांच्याच हाती आली. एकच गृहस्थ संघटनेचे प्रमुख, निवडक खेळाडूंचे खासगी प्रतिनिधी आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे आयोजकही होते. चौदाव्या वर्षी मालकाला बांधला गेलेला खेळाडू ज्याच्या आधाराने मोकळा व्हायचा, त्या आधारावरच कुणाची देखरेख नव्हती. ऑर यांनी व्यवहार पूर्णतः त्यांच्यावर सोपवला होता. बोस्टनच्या नव्या मालकांनी देऊ केलेल्या करारात संघाच्या मालकीचा सुमारे साडेअठरा टक्के हिस्सा होता. ऑर यांच्या म्हणण्याप्रमाणे हे त्यांना कळवलेच गेले नाही. ईगलसन यांनी हा आरोप नाकारला आहे. ऑर शिकागोला गेले. तेथे तीन हंगामांत मिळून त्यांना २६ सामने खेळता आले, त्यांतील मधला हंगाम तर सर्वस्वी रिकामा गेला. नोव्हेंबर १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. एकूण सामने ६५७, गोल २७०, साह्ये ६४५. हिशेब पाहिला तेव्हा मालमत्तेपेक्षा देणे अधिक निघाले.

हॉकीच्या सन्मानदालनात प्रवेशासाठी निवृत्तीनंतर तीन वर्षे थांबण्याचा नियम होता. तो बाजूला ठेवून १९७९ मध्येच, एकतिसाव्या वर्षी, ऑर यांना तेथे घेतले गेले. त्याच वर्षी हॅरी हॉवेल यांचाही समावेश झाला. ईगलसन १९८९ मध्ये त्याच दालनात खेळाच्या उभारणीस हातभार लावणारे म्हणून दाखल झाले. पुढे चौकशी झाली, आणि जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी बोस्टन व टोरांटो येथील न्यायालयांत फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. हे गुन्हे संघटनेच्या व स्पर्धांच्या पैशांबाबतचे होते, ऑर यांच्या १९७६ च्या कराराबाबतचे नव्हेत. त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ते दालनात राहिले तर आपण बाहेर पडू, असे ऑर यांच्यासह अनेक जुन्या खेळाडूंनी कळवल्यावर ईगलसन यांनी आपल्या स्थानाचा राजीनामा दिला. ऑर यांनी तोवर स्वतःच खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून काम सुरू केले होते. पुढे त्यांच्या संस्थेने ज्या तरुणांचे करार केले त्यांत एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिड यांचाही समावेश होता.