केडगावची संजीवनी

संजीवनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मारुतीराय उभे राहतात, होय ना? लक्ष्मण बेशुद्ध पडलेला, सूर्य उगवायच्या आत मुळी आणायची आणि नेमकी कोणती ते काही ओळखू येईना. मग काय, अख्खा डोंगरच तळहातावर!

ख्रिस्ती मंडळींतही ह्याच घराण्यातला एक शब्द आहे, 'संजीवन'. त्यांच्या 'संजीवन सभा' भरतात. मरगळलेली श्रद्धा पुन्हा जिवंत व्हावी, माणसानं आतून जागं व्हावं, हा त्यामागचा अर्थ. पण मुलांनो, मी पडले शिक्षिका. कुणी 'मी जागा झालो' म्हटलं की मला लगेच तपासायची सवय! रविवारी जागं झालेलं मन सोमवारी सकाळी नळाच्या रांगेत कसं वागतं? शेजारच्या बाकावरच्या मुलाची पाटी फुटली तर काय करतं? ह्या तपासणीला उतरलेली एक खरी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडून निघायचं, खंडाळ्याचा घाट चढायचा आणि पुण्याच्याही पुढे दौंडच्या वाटेला लागायचं. तिथे केडगाव नावाचं रेल्वे स्टेशन आहे. तिथेच पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' आहे.

रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. मुलींनी संस्कृत शिकणं म्हणजे पाप असं लोक मानायचे, त्या काळात त्यांच्या घरी आई लक्ष्मीबाईच मुलीला संस्कृत शिकवत होती. हे कुटुंब तीर्थाच्या गावोगाव पुराणं सांगत हिंडायचं. मग दुष्काळ आला. रानातला पाला आणि रानफळं खाऊन दिवस काढावे लागले. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना आई-वडील आणि बहीण पाठोपाठ गेले. उरली दोघंच, रमा आणि भाऊ श्रीनिवास. ती दोघं पायी फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. पुढे लग्न झालं, मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये पती वारले. इतकं सगळं वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत!

१८८३ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनजवळच्या फुलहॅम इथं त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजानं वाळीत टाकलेल्या बायकांना तिथल्या जोगिणी सांभाळत होत्या. त्यांना माया लावत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. 'तुम्ही हे का करता?' असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. येशू एका विहिरीपाशी दमून बसलेला असतो आणि पाणी भरायला आलेल्या बाईजवळ प्यायला पाणी मागतो. त्याचे लोक तर शोमरोनी लोकांशी व्यवहारच ठेवत नसत! आपल्या रायगड जिल्ह्यातल्या मुलांना ही गोष्ट फोड करून सांगायला नको. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या नाही, ह्यात केवढं दुःख भरलेलं असतं, ते २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले तेव्हा साऱ्या देशानं पाहिलं.

रमाबाईंच्या मनात बदल झाला त्यात पुस्तकांचा, चर्चांचा वाटा होताच. पण कुणीतरी कुणाशी दयेनं वागताना त्यांनी पाहिलं, हे मला त्यात फार महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' काढलं. विधवा मुलींनी राहावं, शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. (धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले मुरुडचे अण्णा! पण हे मुरुड रत्नागिरीतलं बरं का, आमच्या जंजिऱ्याजवळचं नव्हे. त्यांनी १८९३ मध्ये ज्या गोदूबाईंशी लग्न केलं, त्या ह्याच शारदा सदनात शिकत होत्या.)

मग १८९६ साल उजाडलं. मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः उपास काढलेले, त्यामुळे बातम्या वाचून त्यांना घरात बसवेना. त्या दुष्काळी भागात गेल्या. ३०० मुलींना आणायचं त्यांनी मनाशी ठरवलं. इतक्या मुली ठेवायच्या कुठे? पुण्यात तर प्लेगामुळे कडक बंधनं. तेव्हा केडगावला त्यांनी घेऊन ठेवलेली शेतजमीन कामी आली. आधी तात्पुरत्या झोपड्या, मग दगडी इमारती, विहिरी आणि फळझाडं.

आता जरा थांबा आणि विचार करा. महिनोन् महिने उपाशी असलेलं मूल घरी आलं, तर तुम्ही काय कराल? 'ताटभर जेवायला वाढू,' असंच म्हणाल ना? तसं करून चालत नाही. उपाशी पोटाला एकदम जड अन्न सोसत नाही, त्यानं जीवही जाऊ शकतो. आधी पातळ पेज, थोडी थोडी, पुन्हा पुन्हा. आणि अशा मुलाला नुसती भूकच नसते. अंगावर खरूज, केसांत उवा, डोळे आलेले, मन घाबरलेलं. मिळालेली भाकरी उद्यासाठी लपवून ठेवायची सवय. हे सगळं कोण करणार? एकट्या रमाबाई? शक्यच नव्हतं. शारदा सदनात आधी शिकलेल्या मुलीच आता नव्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळ करणाऱ्या झाल्या. कालपर्यंत ज्यांना घरातल्यांनी 'अवलक्षणी' म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं, त्या आज दुसऱ्यांच्या उवा काढत होत्या, वेण्या घालत होत्या, 'अ आ इ ई' गिरवून घेत होत्या.

आणि भाषा? मध्य प्रांतातल्या कितीतरी मुली हिंदी बोलणाऱ्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या, त्या गुजराती बोलणाऱ्या. आसपास सगळी मराठी! ही अडचण आमच्या किनाऱ्यावरच्या शिक्षकांना चांगली ठाऊक आहे. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई गाव लागतं. वर किल्ला, खाली समुद्र आणि गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च. तिथले ख्रिस्ती लोक घरी पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली भाषा बोलतात. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. १७४० मध्ये पोर्तुगीज चौलमधून गेले, भाषा मात्र राहिली. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असं मूल पहिलीत येतं तेव्हा बाईंनी कितीही हातवारे केले तरी ते भेदरलेलंच असतं. पण शेजारचं एखादं पोर हळूच त्याच्या कानात दोन शब्द त्याच्या भाषेत सांगतं आणि त्याचा चेहरा खुलतो. डी.एड.च्या कुठल्याच पुस्तकात मला ही युक्ती सापडली नाही!

तर असं हे मुक्ती सदन. १९०० नंतर तिथे सुमारे २००० माणसं राहत होती. आणि मग आलं ते १९०५ साल.

जानेवारीत रमाबाईंनी विचारलं, 'रोज प्रार्थनेला कोण कोण येईल?' सत्तर जणी पुढे आल्या. वाढत वाढत त्या ५५० झाल्या. ब्रिटनमधल्या वेल्स भागात तेव्हा मोठं संजीवन चालू होतं. त्याच्या बातम्या इथेही पोचल्या होत्या. जूनअखेरच्या एका रात्री मोठ्या मुलींच्या निजायच्या खोलीत एक मुलगी उठून प्रार्थना करू लागली. त्या वेळच्या हकिकतींत असं सांगितलं आहे, की दुसरीला तिच्याभोवती आग दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली! बादली ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की ही आग काही जाळणारी नाही. पुढचे कित्येक दिवस मुली रडत होत्या, आपल्या चुका कबूल करत होत्या, गात होत्या. ती आग खरीच दिसली का, असं तुम्ही मला विचाराल. ज्याचा जसा विश्वास तसं त्यानं मानावं. मला आवडते ती बादली. काही पेटलंय असं वाटल्याबरोबर ती मुलगी पळून गेली नाही, मैत्रिणीसाठी पाणी आणायला धावली. आठ वर्षं एकमेकींच्या आजारपणात जागलेल्या मुलींकडून दुसरं काय होणार?

ही हकिकत मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स ह्या अमेरिकन बाईंच्या पुस्तकातून फार दूर गेली. पार दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात त्यांची एक वर्गमैत्रीण राहत होती. तिच्याकडे ते पुस्तक पोचलं आणि १९०९ मध्ये तिथल्या व्हालपराइसो शहरात असंच संजीवन झालं. नकाशात शोधा पाहू!

एक गोष्ट मात्र लपवून ठेवता येणार नाही. रमाबाईंवर टीकाही खूप झाली. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, अशी ओरड १८९३ मध्ये झाली. सल्लागार मंडळातली रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं बाहेर पडली, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. मुक्तीत तर पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्याच. मदत घेणाऱ्यानं मदत करणाऱ्याचा धर्म घ्यावा का, हा प्रश्न सोपा नाही आणि तो विचारणारे सगळेच वाईट नव्हते. मला विचाराल तर ज्या मदतीची परतफेड ठरवलेली असते ती मदत नसून सौदा असतो, मग मदत करणारा कुठल्याही धर्माचा असो. पण उपाशी पोरीच्या तोंडाला पेजेची वाटी लावणारा हात सौद्याचा होता असं मात्र मला म्हणवत नाही. तुम्ही मोठे झालात की दोन्ही बाजू वाचा आणि स्वतः ठरवा.

त्या संजीवनानंतर मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. मुक्तीत हातमाग होते, तेलघाणा होता, छापखाना होता. अंध मुलींसाठी 'बार्तीमी सदन' होतं. बार्तीमी हा बायबलमधला आंधळा भिकारी. मनोरमाबाई स्वतः ब्रेल शिकल्या आणि त्यांनी ती ह्या मुलींना शिकवली. रमाबाईंनी म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, शेतातल्या बाईलाही कळावं म्हणून. त्याचे खिळे जुळवायला मुक्तीच्याच मुली होत्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई.

मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे. १९८९ मध्ये भारत सरकारनं रमाबाईंच्या नावानं टपालाचं तिकीट काढलं. कुणाच्या आजोबांच्या जुन्या संग्रहात असेल तर जरूर पाहा.