चंद्रयान कुणाचं, पाणी कुणाचं?

ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला आणि पुढच्याच महिन्यात गणपतीत चंद्रयानाचे देखावे उभे राहिले. राजारामपुरीचे तांत्रिक देखावे बघत वाढलेल्या कोल्हापूरकरांना त्याचं अप्रूप असणारच. पण यान कुणाचं आणि श्रेय कुणाचं, यावर कट्ट्यावर जे ठासून सांगितलं जातं, त्यातलं बरंच कच्चं आहे.

‘चंद्रयान-३ मध्ये परदेशी काहीच नव्हतं.’
रॉकेट, लँडर, रोव्हर आपलेच. मात्र विक्रमवर नासाने दिलेला एक परावर्तकही होता: पाच सेंटिमीटर रुंद, वीस ग्रॅम वजनाचा. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे विक्रम कायमचा झोपी गेला तरी तो कामाचाच. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर लेसर सोडला आणि प्रकाश परत आला. दुसरी गोष्ट पृथ्वीच्या फिरण्याची. बंगळूरजवळच्या ब्यालालूतल्या इस्रोच्या केंद्रातून चंद्र चोवीस तास दिसत नाही. तो मावळला की यानाशी संपर्क ठेवायला नासाची आणि युरोपची केंद्रं लागतात. यात कमीपणा कसला? युरोपचं प्रोबा-३ डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीवरून गेलं.

‘पाणी आपण शोधलं, नाव नासाने खाल्लं.’
२००८ च्या चंद्रयान-१ वर अकरा उपकरणं होती. त्यातली सहा परदेशी. अमेरिका आणि युरोपबरोबर बल्गेरियाचंही एक. पाण्याच्या खुणा टिपणारं एम-थ्री हे उपकरण नासाचं, ते चंद्रापर्यंत नेणारं यान इस्रोचं. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या शोधनिबंधावर पहिलं नाव एम-थ्रीच्या प्रमुख कार्ली पीटर्स यांचं, दुसरं चंद्रयान-१ चे मुख्य शास्त्रज्ञ जे. एन. गोस्वामी यांचं आणि चौथं प्रकल्प संचालक अण्णादुराई यांचं. नाव खाल्लं म्हणणाऱ्यांनी तो निबंध उघडलेलाच नसतो.

‘आपलं चंद्रविज्ञान चंद्रयानापासून सुरू झालं.’
हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यात आपल्याच महाराष्ट्रातलं काम पुसलं जातं. अपोलोने आणलेले नमुने नासाने परदेशी प्रयोगशाळांनाही दिले. त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. तिथे देवेंद्र लाल यांच्या गटाने चंद्रावरचे खनिजकण रसायनात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. वैश्विक किरणांतली लोहासारखी जड अणुकेंद्रं स्फटिकातून आरपार जाताना त्यात रेषा सोडतात आणि रसायनामुळे त्या उठून दिसतात. रेषा मोजल्या की तो कण पृष्ठभागावर किती काळ उघडा पडून होता, याचा अंदाज येतो. या गटाच्या १९७१ च्या निबंधावर नरेंद्र भंडारींबरोबर ए. एस. ताम्हणे आणि पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झालेले व्यंकटवरदन यांचीही नावं आहेत. राजकारण मात्र वेगळंच चाललं होतं: त्याच वर्षाअखेर बांगलादेश युद्धात निक्सन सरकारने आपल्यावर दबाव आणायला सातव्या आरमारातली जहाजं बंगालच्या उपसागराकडे धाडली होती! सोव्हिएत लूना यानांनी आणलेली मातीही भारतीय शास्त्रज्ञांनी तपासली.

अर्थात सहकार्य म्हणजे हमी नव्हे. चंद्रयान-२ चा लँडर आधी रशिया देणार होता. तिकडून उशीर होत गेला, शेवटी आपणच तो बनवला.

‘आर्टेमिस करारावर सही केली, म्हणजे अमेरिकेच्या गोटात गेलो.’
जून २०२३ ची ती सही चंद्रावर कसं वागावं याच्या तत्त्वांवर आहे. तिने कुणाला यानात जागा मिळत नाही आणि दुसऱ्याशी काम करायची बंदीही होत नाही. चंद्रयान-५ जपानबरोबर ठरलं आहे: लँडर आपला, रोव्हर आणि रॉकेट त्यांचं.

राहिला चंद्रावर प्लॉट विकत घेण्याचा विषय. १९६७ च्या अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर मालकी सांगता येत नाही आणि भारत त्या करारात आहे. विक्रम उतरला त्या जागेचं ‘शिवशक्ती’ हे नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मार्च २०२४ मध्ये मान्य केलं, पण ते फक्त नाव आहे, ताबा नव्हे. तेव्हा चंद्रावरचा सातबारा कुणी विकायला आलं, तर एक रुपयाही देऊ नका.