फिजिओथेरपीतून पायाच्या निगेकडे: जुन्नर-आंबेगावात हे पाऊल टाकावं का?

आजचा विषय तरुण फिजिओथेरपिस्टांसाठी आहे. कुणी नारायणगावात किंवा मंचरला दवाखाना चालवतात, कुणी पुण्यातली नोकरी सोडून जुन्नरला, घोडेगावला परतायचं म्हणतात. पाठ, मान, गुडघे हे काम सोडून फक्त पायाच्या निगेकडे, म्हणजे पोडिआट्रीकडे, वळावं का? आमचं उत्तर आधीच सांगतो: वळावं, पण फिजिओथेरपी सोडून नव्हे. आता कारणं पाहू.

गरज कुठे आहे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तो आता फक्त शहरी आजार राहिलेला नाही. आपल्या दोन तालुक्यांत पूर्वेला कांदा, टोमॅटो, ऊस. पश्चिमेला नाणेघाट-भीमाशंकरच्या बाजूला भातशेती. म्हणजे काम सगळं पायावर उभं राहून, आणि बऱ्याचदा अनवाणी. चिखल्या, भेगा, कुरूप, घट्टे, मोडलेला काटा हे इथे कुणी आजार मानतच नाही.

ज्याच्या पायाला संवेदना आहे त्याचं यावर निभावतं. पण मधुमेहाने नसा बधिर झालेल्या माणसाची चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नाही. काटा चार दिवस आत राहतो. तापलेल्या फरशीवर तळवा भाजतो आणि फोड घरच्यांना दिसतो, त्याला नाही. दुखत नाही म्हणून तो दवाखान्यात येत नाही. येतो तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते. मंचरहून पुणे साधारण ६० किलोमीटर, जुन्नरहून ९० च्या आसपास. त्या प्रवासात आधी बोट जातं, मग पाऊल, आणि त्याबरोबर घरातली कमाई.

हे कोडं आपल्याच देशात उलगडलं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. वेदना हरवल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा इजा होते आणि पाय त्यातून जातो, हे त्यांनी दाखवलं. मधुमेही पायाला तोच नियम लागू पडतो. दाब कमी करा, जखम भरायला वाव मिळतो.

आपल्या हातात आधीच काय आहे

दाब हा तर आपलाच विषय. पोटरी आखडली की घोटा पुरेसा वाकत नाही आणि चवड्यावर भार वाढतो. अंगठ्याचा सांधा ताठ झाला की त्याच्याखाली घट्टा धरतो. बधिर पायात त्या घट्ट्याखालीच जखम तयार होते. चाल बघणं, सांधा मोजणं, भार कुठे पडतो ते ओळखणं, पादत्राण सुचवणं, हे फिजिओथेरपिस्टला नव्याने शिकावं लागत नाही.

घात कुठे होतो

पण आपल्या काही सवयी इथे घातक ठरतात. पहिली म्हणजे शेक. बधिर पायाला गरम पॅक किंवा मेणाचा शेक दिला तर पाय भाजेल आणि पेशंट हूं की चूं करणार नाही. दुसरी जास्त फसवी. मधुमेही माणसाचा पाय सुजलेला, लाल, दुसऱ्या पायापेक्षा गरम, पण फारसा दुखत नाही. 'मुरगळला असेल' म्हणून आपण व्यायाम सुरू करतो. तो शार्को फूट असू शकतो, आत हाडं ढासळत असतात. तिथे चालणं ताबडतोब थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. मालीश नाही, व्यायाम नाही.

तिसरी गोष्ट ब्लेड. घट्टा तासणं, जखम साफ करणं हे व्हिडिओ बघून शिकायचं काम नाही. मधुमेही पाय हाताळणाऱ्या सर्जनच्या हाताखाली काही महिने काढल्याशिवाय त्याला हात लावू नये. अँटिबायोटिक लिहिणं तर आपलं कामच नाही.

पाटीवर काय लिहायचं

ब्रिटनमध्ये पोडिआट्री ही वेगळी पदवी आहे आणि नोंदणीशिवाय ते नाव लावता येत नाही. आपल्याकडे संलग्न आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यातही फिजिओथेरपी आणि पोडिआट्रिस्ट यांची नोंद वेगवेगळ्या गटांत आहे. त्यामुळे छोटा कोर्स केला म्हणून पाटीवर 'पोडिआट्रिस्ट' लिहू नका. 'फिजिओथेरपिस्ट – पायाची तपासणी व निगा' एवढं लिहा. ते खरं आहे आणि लोकांना कळतंही.

पैशाचं काय

गुडघ्याचा पेशंट दहा दिवस रोज येतो. पायाच्या तपासणीला धोका नसलेला मधुमेही वर्षातून एकदा येतो, आणि धोका जास्त असलेला एक ते तीन महिन्यांनी. शिवाय दुखत नसलेल्या पायासाठी पैसे द्यायला कोण तयार होतं? म्हणून फक्त यावर तालुक्याच्या गावात दवाखाना चालणं अवघड. आठवड्यातला एक दिवस पायासाठी ठेवा, शक्यतो आठवडे बाजाराचा, कारण वाड्यावस्त्यांवरचे लोक तेव्हा गावात येतातच. मधुमेह बघणारे डॉक्टर, एक सर्जन आणि चप्पल बनवणारा एक चांगला कारागीर, एवढी तीन माणसं जोडा.

आणि सुरुवात उद्याच करता येईल, यंत्राशिवाय. गुडघ्यासाठी आलेल्या प्रत्येक मधुमेही माणसाची चप्पल, मोजे काढायला लावा. आधी बोटांच्या बेचक्या आणि तळवे नीट पाहा. मग त्याला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकंच बोट लावा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर तो पाय धोक्यात आहे असं समजून पुढची तपासणी करा. महिनाभर याची वहीत नोंद ठेवा. आपल्या गावात हे काम किती आहे, ते कुठल्याही कोर्सच्या जाहिरातीपेक्षा ती वही तुम्हाला नेमकं सांगेल.

आता प्रश्न घेऊ या.